चौथी जाळी

जाळी भाकरीवर पालथी घातलेली होती. नाचणीच्या दोन भाकऱ्या, त्यावर सुक्या बोंबलाची चटणी, बाजूला अर्धा कांदा, आणि मांजराने तोंड घालू नये म्हणून या सगळ्यावर स्टीलच्या बारीक जाळीचं एक उभट टोपलं. इस्पितळाच्या तळघरात, जिथून अख्ख्या इमारतीला गारवा पुरवला जातो, तिथल्या ऑपरेटरने आपलं जेवण झाकून ठेवावं यात बघण्यासारखं काही नव्हतं. हेमांगी चुरीने बघितलंही नसतं. वरच्या मजल्यावर तासाभराने मीटिंग होती, तिच्या कामाच्या शेवटच्या रिपोर्टवर सह्या व्हायच्या होत्या, आणि त्याआधी आपली यंत्रं एकदा डोळ्यांखालून घालावीत, जरा मिरवून घ्यावं स्वतःशीच, एवढ्यासाठी ती खाली आली होती. मिरवून झालं. पर्स उचलायला वळली आणि टोपल्याच्या कडीला तारेने बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तिला दिसली. पट्टीवर छिन्नीने ठोकलेला मराठी चार. पोट फुगलेला, शेपूट आखूड. असा चार जगात एकच माणूस काढतो, बोईसरच्या वर्कशॉपात स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून. तिचे वडील, तात्या. चौथ्या पंपाची जाळी इथे, भाकरीवर? मग ती इथे आली कधी? आणि आणली कोणी? तिने तर काढली नव्हती. आत्ता, या क्षणी, तेरा महिन्यांनी तिला लख्ख आठवलं, की आपण ती काढली नव्हती.

आता ही जाळी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. मोठ्या इमारतीत थंड पाणी पाइपांतून फिरतं, खोलीखोलीतली उष्णता घेऊन परत येतं, पुन्हा थंड होतं. ते फिरवायला पंप. पंपात कचरा जाऊ नये म्हणून प्रत्येक पंपाच्या तोंडाशी लोखंडी गाळणी, तिच्यात कायमची जाड भोकांची जाळी. पण पाइप नवे असले की आत वेल्डिंगचे कण असतात, गंज असतो, कुणाचा विडीचा तुकडासुद्धा असतो, म्हणून पहिले काही दिवस त्या गाळणीत आणखी एक बारीक जाळी बसवतात. पाणी स्वच्छ झालं की ती काढायची. काढायचीच. राहिली तर हळूहळू तुंबते, पंप ऊर फुटेस्तोवर पळतो, वीज खातो आणि पाणी मात्र पुढे जात नाही. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसाला कळणारी गोष्ट. तपासणीच्या फॉर्मवर तिच्यासाठी चार चौकोन होते, पंप एक ते पंप चार, आणि चारही चौकोनांत हेमांगीच्या हातची बरोबरची खूण होती, खाली तिची सही, सहीखाली तारीख. तीन जाळ्या तिने रोज एक अशा स्वतः उभं राहून काढून घेतल्या होत्या. चौथ्या दिवशी उद्‍घाटन होतं. आणि उद्‍घाटनाला हेमांगी साडी नेसून आली होती. तीही स्वतःची नव्हे, सुलूवहिनीची, जांभळी नारायणपेठ, घडी मोडू नको म्हणून वहिनीने दहा वेळा बजावलेली. चौथा पंप भिंतीला चिकटून, मागे तेलाचं थारोळं, तिथे शिरायचं तर साडी खोचून, अंग चोरून, गुडघ्यांवर. वर फीत कापायला पाहुणे आलेले, स्पीकरवर ‘चुरी मॅडम कुठे आहेत’ म्हणून हाका चाललेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी स्पीकरवरून तिला मॅडम म्हणत होतं! उद्या काढू, असं म्हणून तिने खूण केली होती. उद्या काढू म्हणताना खूण आज कशाला करायची, असा प्रश्न काही तिला पडला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, फोनवर फोन आले, आणि चौथी जाळी तिच्या डोक्यातून अशी गेली जशी काही नव्हतीच.

ऑपरेटर जिवल्या फडक्याला हात पुसत आत आला. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, केस अजून काळेभोर, बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरून सायकलने येणारा. ‘काय गो बाय, आज लवकर?’ म्हणाला. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणे आणि एकटी असली की बाय. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, कोण जाणे. हेमांगीने जाळीकडे बोट केलं.

‘ही कुठून आली, जिवल्याकाका?’

‘ती? वरीस झाला तिला. चांगली जाळी हाय, टाकवली नाय.’ त्याने टोपलं उचलून भाकरीवरचा कण झटकला, पुन्हा झाकलं. ‘मांजर लय हरामी हाय इकडचा.’

‘मांजर जाऊ दे. कधी काढली?’

जिवल्याने तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग खुर्ची तिच्याकडे सरकवून स्वतः पाइपाच्या टेकूवर बसला. त्याने सांगितलं ते फार नव्हतं, त्याला फार बोलायची सवयही नव्हती. फीत कापल्याला अकरा दिवस झाले होते. ऑक्टोबरची काहिली, दुपारची वेळ. वरून ऑपरेशन थिएटरच्या दमयंती सिस्टरचा फोन आला, की भिंतींना पाणी सुटलंय, आत बाई टेबलावर आहे, तुझ्या नव्या मशिनीला झालंय काय? चौथा पंप थिएटरचा. जिवल्याने पॅनल बघितलं तर पॅनलवर सगळं हिरवं. ‘मशीन सांगतं बरा हाय. पन पंप रडत होता, बाय. मी पायपाला हात लावला तर इकडं गार आनि तिकडं कोंबट.’ त्याने हेमांगीला फोन लावला. दोनदा लावला. तिने उचलला नाही. तिच्या माणसांना यायला दोन तास लागले असते, आणि गाळणीच्या झाकणावर तर तिच्या कंपनीचं सील, तारेचं, शिशाची गोळी दाबलेलं, बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही असं करारातच लिहिलेलं. जिवल्याने पक्कडीने तार तोडली. दोन्हीकडचे पाणी अडवायचे व्हॉल बंद केले, झाकण खोललं, जाळी ओढून काढली. ‘भरली होती नुसती. काळा चिखल.’ झाकण लावलं, हवा काढली, पंप चालू केला. वीस-बावीस मिनिटं. दमयंती सिस्टरने परत फोन करून सांगितलं, की आता बरं आहे, पोर झालं, पोरगी. एवढंच. त्याने तुटकी तार खिशात घातली, जाळी नळाखाली धरून दोन दिवस घासली, आणि ही गोष्ट आपणहून कुणालाही सांगितली नाही.

हेमांगी ऐकत होती आणि तिच्या कानांत पंपांचा आवाज एकसारखा वाढत चाललाय असं तिला वाटत होतं. वाढत बिढत नव्हता काही, पंप आपले शहाण्यासारखे चालले होते, पण तिच्या अंगाला दरदरून घाम सुटला, या थंडगार तळघरात, नोव्हेंबरच्या सकाळी. टेबलावर बाई. पोट उघडलेलं. भिंतींवरून ओघळणारं पाणी. त्या दुपारी आपण कुठे होतो? तिने आठवून बघितलं आणि आठवलंही, देवाने नको तिथे चांगली स्मरणशक्ती दिली होती. पालघरला एका कॉलेजच्या प्राचार्यांसमोर बसून याच इस्पितळाचे फोटो दाखवत होतो. फोन थरथरला होता. अनोळखी नंबर होता म्हणून उलटा करून ठेवला होता. अनोळखी! ज्या माणसासोबत चार महिने या तळघरात काढले, ज्याच्या डब्यातली चटणी मागून खाल्ली, त्याचा नंबर आपल्या फोनमध्ये नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा पाहणीला आली, लॅपटॉप, मीटर, वायरी घेऊन, तेव्हा हाच माणूस चार दिवस बॅटरी धरून तिच्या मागे हिंडला होता. कोणती पाइपलाइन कुठे वळते याचा नकाशा इस्पितळाकडे नव्हता, कुणाकडेच नव्हता, जिवल्याच्या डोक्यात होता. तो सांगत गेला आणि ती काढत गेली. त्या नकाशावर तिच्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. जुने पंप रात्रंदिवस एकाच वेगाने धावत, आणि पाणी जास्त झालं की व्हॉल दाबून अडवलं जाई, म्हणजे गाडी पळवायची आणि ब्रेकही दाबून धरायचा. तिने ते सगळं काढलं, गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारे पंप बसवले, पाइपांना नवं वेष्टण घातलं, इस्पितळाची वीज तीस टक्के वाचवून दाखवीन म्हणून लेखी हमी दिली, आणि वर्षभर मोजल्यावर आकडा चौतीस निघाला. चौतीस! आठवडाभर ती जमिनीवर चालत नव्हती. आणि आता कळतंय की एका माणसाने पक्कडीने तार तोडली नसती तर चौतीस सोडा, त्या दुपारी काय झालं असतं याचा विचारसुद्धा करवत नाही.

आणि याच रिपोर्टात, तिच्या पर्सशेजारी पडलेल्या या जाडजूड बाडात, पान एकोणतीसवर, तिने स्वतः लिहिलेलं एक वाक्य होतं. यंत्रणा पूर्णपणे स्वयंचलित झाल्यामुळे प्लांटरूममध्ये ऑपरेटरची आवश्यकता राहिलेली नाही. हे वाक्य तिचं फार आवडतं होतं. पहिल्या सादरीकरणातही होतं, ट्रस्टींच्या माना डोललेल्या तिने बघितल्या होत्या. तीन पाळ्यांचे तीन ऑपरेटर, त्यातले दोघे होळीनंतर कमी झाले. उरला जिवल्या, तोही या महिनाअखेरपर्यंत, रिपोर्टवर सही झाली की विषय संपला. त्याची दीपिका पालघरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, अजून दोन वर्षं बाकी. हे हेमांगीला माहीत होतं. पेढे खाल्ले होते तिने त्या पोरीच्या प्रवेशाचे, याच टेबलाशी. पेढे खाल्ले आणि वर जाऊन वाक्य लिहिलं. वाईट मनाने लिहिलं असंही नव्हे, हीच तर गंमत आहे. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर माणूस नव्हताच. ऑपरेटर नावाचा एक रकाना होता.

‘कुणाला सांगितलं का नाहीत?’ तिने विचारलं.

‘काय सांगू? सील तोडला म्हून मला काडला असता. आनि तुमचं नाव खराब झाला असता. पयलाच काम तुमचं.’ जिवल्याने फडकं खांद्यावर टाकलं. ‘तुमी चांगलं काम केलंय, बाय. पयलं इकडं उन्हाळ्यात मानूस उभा नाय राहायचा, एवढी मशीन तापायची. जाळी ऱ्हायली तर ऱ्हायली. मानूस हाय.’

माणूस आहे! हेमांगीला एकदम रडू फुटलं. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. जिवल्या बिचारा कावराबावरा झाला, उठला, पाणी आणलं, पुन्हा बसला. कुणी आपल्याला असं सांभाळलं आणि आपल्याला पत्तासुद्धा लागू दिला नाही, याचा आनंद होतो की लाज वाटते हे तिला ठरवता येईना. मग तिने पहिली गोष्ट केली ती, अडचणीत आल्यावर बेचाळीस वर्षं करत आली तीच. तात्यांना फोन लावला.

तात्या म्हणजे चिंचणीच्या चुऱ्यांच्या वाडीतून निघून बोईसरच्या कापड गिरणीत फिटर झालेला माणूस. वाडीतली चिकूची झाडं भावाला सोडली, स्वतः पाइप धरले. पुढे गिरणी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलं, लेकीला इंजिनीअर केलं आणि वर्कशॉपवर तिच्या नावाची पाटी लावून स्वतः तिच्या हाताखाली राबायला लागला. आता शहात्तर वय. लहानपणी तो तिला गिरणीत न्यायचा, वाफेच्या पाइपाजवळ तिचा हात धरून आधी लांबून, मग जवळून ऊब दाखवायचा, आणि म्हणायचा की बघ, आत काय चाललंय ते बाहेरून कळतं. ते तिने एवढ्यांदा एवढ्या लोकांना सांगितलं होतं, सभांमधून, मुलाखतींमधून, की स्वतः हात लावायचं राहूनच गेलं.

‘तात्या, इस्पितळाची चौथी जाळी...’

‘हां,’ तात्या म्हणाले. मागे ग्राइंडरचा आवाज चालला होता, तो त्यांनी कुणाला तरी ओरडून बंद करायला लावला. ‘तीनच परत आल्या. मी मोजल्या ना.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘मी बनवल्या, मला नाय माहीत होणार? बारा दिस वाट बगितली, तू आज बोलशील, उद्या बोलशील. मग रिक्षा केली नि गेलो. तवर त्यानं आदल्याच दिशी काढली होती. बसलो तिकडं. जेवलो दोघं.’

‘आणि मला बोलला नाहीत? वर्षभर?’

‘वरडून सांगायला तू काय आता लहान हायस?’ तात्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की हेमांगीला नेहमी भीती वाटायची. ‘माज्याकडनं पण एकदा झालंय गो. गिरणीत. तवा मलापण एकानं झाकलं होतं. त्याचं नाव घेऊन मी रोज हात जोडतो. तुला झाकणारा भेटला, बरं झालं. आता पुढचं तू बघ.’ फोन बंद झाला. तात्यांना फोन ठेवताना ठेवतो म्हणायची सवय कधीच नव्हती.

पुढचं तू बघ. म्हणजे काय बघू? गप्प बसावं, असंही मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच. कॉलेजचं काम या रिपोर्टवर अडलेलं, ठाण्याच्या एका मोठ्या इस्पितळाचं बोलणं चाललेलं, वर्कशॉपात अकरा माणसं. पान एकोणतीसवरचं ते वाक्य गुपचूप काढून टाकलं, ‘आम्ही पुनर्विचार केला’ म्हटलं, तरी भागलं असतं. पण का काढलं म्हणून सुजितने विचारलंच असतं, इस्पितळाच्या देखभाल विभागाचा प्रमुख, तरुण, काटेकोर, साध्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक कागद उन्हात धरून बघणारा. आणि खरं सांगितलं तर? सील तोडणं ही करारातली चूक होती, ती जिवल्याच्या नावावर लागणार. म्हणजे त्याने आपल्याला झाकलं आणि आपण खरेपणाच्या नादात त्यालाच उघडा पाडायचा. आपला खरेपणा आपल्याला परवडेल, त्याला परवडेल का? तिने वर बघितलं. जिवल्या चौथ्या पंपाशी उभा होता, तळहात पाइपावर, सवयीने, आपण काही करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. हेमांगी उठली, त्याच्याजवळ गेली आणि तिनेही हात ठेवला. वेष्टणावरून नव्हे, व्हॉलच्या उघड्या लोखंडावर. गार लागलं. आत पाणी चाललेलं हाताला कळत होतं, बारीक, सलग. किती दिवसांनी.

‘काका, मी वर जाऊन सगळं सांगणार आहे. सीलसकट. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार.’

जिवल्या पंप बघत राहिला. ‘तुमचं काय होईल?’

‘होईल ते होईल.’

‘मग सांगा,’ तो म्हणाला. ‘मला पन वरीसभर जड जात होता. पोरीला सुदा सांगितला नाय.’

वरच्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या, काजूकतलीचा बॉक्स होता, कारण चौतीस टक्क्यांचा आनंद इस्पितळालाही झाला होता. मध्यभागी वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर अपेक्षा सावे, स्वतः थिएटरमध्ये उभ्या राहणाऱ्या, फार न बोलणाऱ्या. बाजूला सुजित, पुढ्यात रिपोर्ट, रिपोर्टला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. हेमांगीने मनात दोन-तीन छान सुरुवाती जुळवल्या होत्या, त्यातली एकही तोंडून निघाली नाही. ‘सही करण्याआधी मला एक सांगायचंय,’ ती म्हणाली आणि मग सांगतच गेली, साडी, चौकोन, खूण, फोन उलटा ठेवलेला, सगळं, अडखळत, मध्येच मागे जात. सांगताना तिचं लक्ष समोरच्या काजूकतलीवरच्या वर्खाकडे होतं. पंख्याच्या वाऱ्याने तो थरथरत होता.

‘म्हणजे सील त्याने तोडलं?’ सुजितने विचारलं. दुष्टपणाने नव्हे, त्याचा स्वभावच तो. ‘मॅडम, मग चौथ्या पंपाची वॉरंटी तांत्रिकदृष्ट्या...’

‘सील माझं होतं. वॉरंटी मी देते, आणि ती चालू आहे. हवं तर आत्ता लिहून देते. फॉर्मवर खोटी खूण मी केली आहे, सुजित, त्यांनी नाही. काय लावायचं ते माझ्या नावावर लावा.’

‘तारीख काय होती?’ डॉक्टर सावेंनी मध्येच विचारलं.

हेमांगीने सांगितली. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. खाली आवारात रिक्षा येत होत्या, कुणी गरोदर बाईला सांभाळून उतरवत होतं. ‘आत मी होते,’ त्या म्हणाल्या. ‘रक्त थांबत नव्हतं. माझ्या चष्म्यावर वाफ धरत होती, दमयंती पुसून देत होती. मी तिला म्हटलं, कोण आहे खाली, बघ. मग गार झालं. मी मेली विसरूनसुद्धा गेले, की खाली कोणीतरी होतं.’ सुजितने हातातली चिठ्ठी कागदावर लावली आणि परत काढली. ‘त्या वाक्याचं काय करणार तुम्ही, चुरी?’ डॉक्टरांनी विचारलं. हेमांगीने पान एकोणतीस उघडलं, वाक्यावर आडवी रेघ ओढली आणि समासात लिहिलं, की ही यंत्रणा सुरक्षित चालायची तर प्रत्येक पाळीत जाणकार ऑपरेटर हवाच, आणि सध्याच्या ऑपरेटरला कायम ठेवून पुढच्या दोघांचं शिक्षण त्याच्याकडे सोपवावं. डॉक्टरांनी समासावर आपली सही केली. सुजितने ते दोनदा वाचलं, आणि एवढं बोलला, ‘मग प्लांटतर्फे त्यांचीही सही हवी रिपोर्टवर. कायदेशीर.’ देवा रे, काटेकोर माणसालाही कधीकधी पाझर फुटतो, फक्त तो नियमांच्या नळातून येतो.

जिवल्याला बोलावणं गेलं. तो दाराशी चपला काढायला लागला, तर डॉक्टर म्हणाल्या, असू द्या, या. तो खुर्चीच्या काठावर बसला. हेमांगीने सहीच्या जागेखाली त्याचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि पेन थांबलं. जिवल्या. पुढे? दोन वर्षं. कान गरम झाले तिचे. ‘काका, पूर्ण नाव सांगा.’ ‘जिवल्या राज्या वरठा,’ तो म्हणाला, आणि तिने एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं. मग सुजितने त्याला समासातला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. कायम ठेवून, या शब्दांशी जिवल्याने मान खाली घातली. डॉक्टरांनी काजूकतलीचा बॉक्स त्याच्याकडे सरकवला. त्याने एक तुकडा घेतला, तोंडात टाकला नाही, रुमालात बांधला. कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती.

‘इथे सही,’ सुजित म्हणाला.

जिवल्याने खिशातून चष्मा काढला. पान वाचलं, बोट फिरवत, ओळीओळीने. आकड्यांच्या तक्त्याशी थांबला. ‘हे आजचे आकडे?’

‘आज सकाळचे. कॉम्प्युटरवरून आपोआप आलेत.’

‘मी पायपावरच्या गेजवर बगितले नाय,’ जिवल्या म्हणाला. ‘बगून येतो.’ आणि रुमाल टेबलावर ठेवून तो चालायला लागला. सुजितने घड्याळाकडे पाहिलं, हेमांगीकडे पाहिलं. ‘थांबू या,’ डॉक्टर सावे म्हणाल्या. सगळे थांबले. तळघर ते तिसरा मजला, जिवल्या लिफ्ट वापरत नाही, सगळ्यांना माहीत होतं. हेमांगीला वाटलं आपल्याला आता धास्ती वाटणार, पण वाटली नाही. उलट कितीतरी महिन्यांत बसली नव्हती अशी ती खुर्चीला पाठ टेकून बसली. कुणीतरी आपलं काम तपासायला गेलंय, आणि तो माणूस आपल्या बाजूचा आहे. हे किती मोठं सुख आहे हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. की तात्या सांगत आले होते आणि तिनेच ऐकलं नव्हतं? तिला तिथल्या तिथे सगळ्यांना हात जोडावेसे वाटले, डॉक्टरांना, सुजितला, दमयंती सिस्टरला, त्या दुपारी जन्मलेल्या त्या पोरीला, जी आता चालायला लागली असेल. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं आणि खोली अगदी हवी तेवढी गार होती.

अकरा मिनिटांनी जिवल्या आला. जरा धापा टाकत होता. ‘बरोबर हाय,’ म्हणाला, खुर्चीवर बसला, पेन घेतलं आणि सावकाश सही केली, जिवल्या राज्या वरठा, पूर्ण. मग रिपोर्ट त्याने हेमांगीपुढे सरकवला. तिच्या सहीची जागा अजून रिकामी होती. तिने पेन उचललं.

‘मॅडम,’ जिवल्याने विचारलं, अगदी साध्या आवाजात, त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता, ‘तुमी बगून आले?’

हेमांगीने पेन खाली ठेवलं. ‘नाही,’ ती म्हणाली, ‘आलेच,’ आणि उठून जिन्याकडे गेली.